सहा नंबर

जागा क्रमांक सहा: एक टेबल, दोन बाकं, टेबलापर्यंत सिमेंटचा उतार.

बाबांच्या खुर्चीचं डावं चाक कुरकुरतं.

"फोटो बघ ना! ओढा आहे, ओढा!"

पायऱ्या बेचाळीस.

रद्द झालेली जागा सात दिवस कुणालाच मिळत नाही.

आता सरळ सांगते. संताप आवरेल तेवढं.

अर्धं अंग गेल्यापासून चौदा महिने बाबा दवाखान्याशिवाय कुठेही गेले नव्हते. जंगलात जेवायला या म्हटलं तर त्यांनी एकच अट घातली, "मला कुणी उचलायचं नाही." सरकारी राखीव जंगलात सहलीच्या वीस जागा. खुर्ची टेबलाला लागते ती एकाच ठिकाणी, सहा नंबरला. त्या जागेसाठी मी वनखात्याच्या खिडकीपुढे तीन तास उभी राहिले आणि आनंदाच्या भरात बुकिंगचा नंबर घरच्या ग्रुपवर टाकला. अक्कल गहाण पडली होती माझी.

रविवारी फाटकावर रखवालदाराने यादीवर बोट ठेवलं. "तुमचा अकरा नंबर. वर, पायऱ्यांनी."

"सहा."

"बदललाय, ताई."

मी दादाकडे पाहिलं. दादा बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

"अगं, सहा म्हणजे पार्किंगच्या तोंडावर. अकराला ओढा आहे. माझे सासू-सासरे आलेत, ते काय गाड्या मोजत जेवणार?"

"आणि बाबा?"

"उचलू की आम्ही दोघं-तिघं! त्यात काय एवढं!"

"कपाट आहे का मी?" बाबा म्हणाले. मग हळूच, "चल, घरी जाऊ."

हे 'घरी' ऐकलं आणि माझं टाळकंच सटकलं. फाटकातून सहा नंबर समोर दिसत होता. रिकामा. टेबलावर वाळलेली पानं.

"तिथे कोण आहे?"

"कुणी नाही. पण रद्द झालेली जागा सात दिवस बंद. नियम आहे."

"कशासाठी?"

"ते वर विचारा."

वर! ज्याला त्याला वरच जायचंय. मी खुर्ची वळवली आणि उतारावरून थेट टेबलाला नेऊन लावली. डबे आपटले. वहिनी "अहो, काहीतरी बोला ना" म्हणत राहिली, तिच्या आईवडिलांनी ओढ्याच्या दिशेने पाहून घेतलं. रखवालदार धापा टाकत आला.

"ताई, उठा इथून."

"मी उभीच आहे. बसलेत ते. त्यांना सांगा, उठा म्हणावं."

त्याने बाबांकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. बाबांनी चांगल्या हाताने डब्याचं झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"बसा," बाबा म्हणाले. "तुम्हीही नियमाने उपाशीच असाल."

तो बसला नाही. फाटकाकडे परत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

दादा दूर, पायऱ्यांपाशी. मी त्याला हाक मारली नाही. अजूनही मारलेली नाही.

ग्रुपवरचा तो नंबर टाकून दादाने मोबाईलवरून जागा बदलली तो मंगळवार होता. त्याला चार मिनिटं लागली.