गोळी विरघळेपर्यंत

बळीराम जेलातून सुटला तेव्हा मी त्याला दारातच बजावलं, "परत गर्द ओढलास, तर हे घर विसरायचं." माझा धाकटा भाऊ. कळंबोलीला ट्रकवर क्लीनर होता. तिथंच नाद लागला आणि आईची पाटली विकेपर्यंत गेला, शेवटी जेलात पोचला. दवाखाना जवळ पडावा म्हणून गावी न ठेवता त्याला माझ्याकडे पनवेलला आणलं. मागोमाग आईही आली. येणारच, लाडोबाला सोडून राहील कशी?

जेलातल्या डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी एक गोळी सुरू केली होती. तिच्यानं तलफ दबून राहायची. आता तीच गोळी दवाखान्यातून मिळायची आणि आई ती तांदळाच्या डब्यात जपून ठेवायची.

आठवडा सरला नाही तोच बळीराम जांभया देऊ लागला. नाक गळतंय, अंगाला घाम, पाय नुसते झाडतोय. गर्द उतरला की दिसणारी ही लक्षणं मला पाठ होती. माझं टाळकंच फिरलं.

"ऊठ, पिशवी भर," मी म्हटलं.

"ताय, नाय ओढला गं. गोळी पन घेतो. आई देते, चासोबत."

चहासोबत! दवाखान्यातल्या बाईंनी माझ्यादेखत सांगितलं होतं, जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. गिळली की वाया.

आई गोरीमोरी झाली. "उपाशी पोटी औषीद उष्ण पडतं. म्हनून मीच चा दिला."

"आणि तू मुकाट गिळत होतास? तुला तर ठाऊक होतं."

बळीराम खाली बघत म्हणाला, "तिची पाटली विकली मी. तरी रोज कप भरून हातात देते. नको कसा म्हनू?"

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पिशवी मीच परत खुंटीला लावली.

दुसऱ्या सकाळी आईनं चहा ठेवलाच नाही. बळीरामनं गोळी जिभेखाली ठेवली. मिशेरीची डबी घेऊन आई त्याच्याजवळ उंबऱ्यात बसली. "मिशेरी लावली का मी कोनाशी बोलते का? तसाच तू बस."

समोरच्या सत्यवतीबाईंनी विचारलं, "काय सखूबाई, पोरगा आला म्हणे?" दोघंही गप्प. आईचा हात मात्र त्याच्या थरथरत्या गुडघ्यावर होता.

"मायलेकरांना बसू द्या जरा," मीच सांगितलं.

बऱ्याच वेळानं त्यानं आ करून जीभ वर उचलली. जेलात शिपायाला रोज दाखवायचा तशी. आईनं वाकून नीट बघितलं, चूळ भरली आणि म्हणाली, "आता चा पी."