चार पांढरे ठिपके

पॅथॉलॉजिस्टबाईंनी अकरावी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. शेजारच्या पडद्यावर त्याच मेंदूचा एमआरआय होता, माणूस जिवंत असताना काढलेला. कपाळामागच्या भागात चार पांढरे ठिपके. त्याच जागेचे, केसाहून पातळ काप आता काचेवर होते.

"सापडलं काही?" रेडिओलॉजिस्टने विचारलं. तो बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. दर गुरुवारी फोटो आणि काप ताडून पाहायला खालच्या मजल्यावरून वर यायचा.

"तूच बघ."

त्याने पाहिलं. रक्तवाहिन्यांभोवती जरा जास्तच मोकळी जागा होती, सैल बाहीसारखी. तिथे पाणी भरलं की फोटोत पांढरं उमटतं. बाकी पेशी जिथल्या तिथे. आजार हुडकायला कापांना दिलेल्या रंगांनीही काही पकडलं नव्हतं.

"ठणठणीत आहे की! बहात्तराव्या वर्षी हा असा. माझा तर आत्ताच नसेल."

"फोटो कोणी वाचला होता?"

त्याने फाइल उलटली. नऊ वर्षांपूर्वीची तारीख, खाली त्याचीच सही. 'वाढलेल्या चिडचिडीमागे हे कारण असण्याची शक्यता आहे.'

"शक्यता म्हटलं होतं मी, मॅडम."

"म्हटलं होतंस. पण असा कागद घरी पोचेपर्यंत 'शक्यता' वाटेतच गळून पडते."

हा टोमणा नव्हता. काचांचे क्रमांकही बाई याच आवाजात वाचत.

तीन वाजता त्या माणसाची बायको यायची होती. मेंदूदानाच्या फॉर्मवर 'निष्कर्ष कळवावा' या चौकटीत तिनेच खूण केली होती. रेडिओलॉजिस्ट खाली गेला नाही. "मीही थांबतो," एवढंच म्हणाला.

ती वेळेवर आली. पर्स मांडीवर घेऊन, पाठ न टेकता खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी आडवळण घेतलं नाही.

"तुमच्या यजमानांच्या मेंदूत आजार सापडला नाही. ते ठिपके आजाराचे नव्हते."

"कुठेच नाही?"

"आम्ही तपासलं तिथे तरी कुठेच नाही."

तिने मान हलवली, दुकानात एखादी वस्तू संपली आहे असं कळल्यावर हलवतात तशी.

"ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे," ती म्हणाली. "घरीही तेच. माझं बोलणं, माझं वागणं, माझ्या माहेरची माणसं, सगळीकडे चुका. हात कधी उगारला नाही, पण जिभेने सोलून काढायचे. तेहतीस वर्षं काढली आणि एक दिवस बॅग भरली. बहिणीने खोलीसुद्धा बघून ठेवली होती. त्याच आठवड्यात हे चक्कर येऊन पडले, चिडचिडही वाढलेली, म्हणून फोटो काढावा लागला. धाकटे दीर म्हणाले, वहिनी, दादाच्या डोक्यातच डाग आहेत, त्याला काय दोष द्यायचा? मग केली बॅग रिकामी."

"तो अहवाल मी लिहिला होता," रेडिओलॉजिस्ट म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तेव्हा तुम्ही नवीनच असाल."

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. अशा वेळी लोक रडतात किंवा आवाज चढवतात. दोन्हींची त्यांना सवय होती. तिने पेल्याकडे पाहिलंही नाही. ती मनाशी काहीतरी जुळवत होती.

"मग शेवटची तीन वर्षं?"

"म्हणजे?"

"डोळे गेले होते त्यांचे. मी पेपर वाचून दाखवायचे. जोडाक्षरं आली की अडखळायचे मी. पण एक शब्द दुरुस्त केला नाही त्यांनी. 'वाच, छान वाचतेस,' म्हणायचे. दुपारी माझा डोळा लागला की चाचपडत येऊन पायांवर पांघरूण घालायचे. मला वाटायचं, डाग पसरत चाललेत." ती थांबली. "तेही आजारामुळे नव्हतं?"

असल्या प्रश्नाला बाईंचं एक ठरलेलं उत्तर होतं: हे काचेवरून सांगता येत नाही. ते खरंही होतं. पण आज त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तसं काही दिसलं नाही आम्हाला," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांनाच वाटलं असेल."

खोलीत बेसिनचा नळ थेंब थेंब गळत होता.

"मी कधी त्यांना उत्तरच दिलं नाही हो," ती म्हणाली. "आजारी माणसाला काय उत्तर द्यायचं?"

तिने बाईंनी दिलेल्या अहवालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, दोघांना नमस्कार केला. रेडिओलॉजिस्ट तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेला.

तो परतला तेव्हा बाई काचा डब्यात लावत होत्या.

"गेल्या?"

"नाही, अजून स्टॉपवरच आहेत. दोन बस सोडल्या त्यांनी. दोन्ही त्यांच्याच घराकडे जाणाऱ्या होत्या." त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मग मीच वर आलो."