बेरजेची फ्लॉपी

“लाइट गेली का मलेच दिसून नाही राहिलं, बापू?” कलाबाईने विचारलं.

“लाइटच गेली, माय,” गुणवंता कामडी म्हणाला आणि काळ्या पडलेल्या पडद्यासमोर हात तसेच उचलून धरून बसला. आपण शेवटचं बटण दाबलं की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना.

पांढुर्ण्याच्या नेत्रसेवा मंडळात कॉम्प्युटर येऊन वर्ष झालं होतं. शिबिरात मोतीबिंदू काढलेल्या माणसांचे चष्म्याचे नंबर त्यात भरायचे आणि यादी नागपूरच्या चष्मेवाल्याकडे धाडायची, हे गुणवंताचं काम. बावन्नाव्या वर्षी तो आठ दिवसांत हे शिकून आला, याचं गावाला कौतुक आणि बायकोला आश्चर्य होतं. मंडळाचे सचिव रघुनाथराव तर इतके हरखले, की डॉक्टरांच्या चिठ्ठ्या नोंद झाली की रद्दीत काढू लागले. यंत्र आल्यावर कागदाचा पसारा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पण फ्लॉपी ही भारी नाजूक जात. त्यातून गावात जिनिंगचा कापूस उडतो, आणि उन्हाळा तर काही विचारूच नका. पहिली फ्लॉपी बिघडली तेव्हा गुणवंताला चाळीस माणसं पुन्हा डॉक्टरांपुढे उभी करावी लागली. मग त्याने पांढुर्णा, सौंसर आणि मोहगाव अशा तिन्ही फ्लॉप्यांच्या नकला करायला आणखी तीन मागितल्या. रघुनाथरावांनी कपाटाची किल्ली जानव्याला बांधली होती. ते म्हणाले, “एक घे आन् भागव.”

गुणवंताने भागवलं. चौथ्या फ्लॉपीत त्याने नुसत्या बेरजा भरल्या. पांढुर्ण्याचा पाचवा माणूस दहा नंबरचा, सौंसरचा पाचवा अकराचा, मोहगावचा पाचवा दहाचा. तर चौथीत पाचापुढे एकतीस. तिघींतली कुठलीही एक मेली, तर बेरजेतून उरलेल्या दोघी वजा करायच्या, की मेलेली जिवंत! ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. अंघोळ करताना सुचली, आणि तो अर्ध्या अंगाला साबण असतानाच बाहेर येऊन बायकोला, शोभाला, सांगू लागला. शोभा म्हणाली, “पहिले पाणी घ्या अंगावर.”

आता सावरगावच्या शिबिराची पाचवी फ्लॉपी आली होती. तिथे वाचायचेच चष्मे दिलेले, नंबर एक-दोनच्या आतबाहेर. पण घरात माणूस वाढलं म्हणजे बेरीज बदलणार! सगळ्या एकशेवीस बेरजा एकेक करून नव्याने मांडायच्या. विसापर्यंत काम झालं होतं, तसा आकडाही त्याने कागदावर टिपला होता. तेवढ्यात सुनेचा हात धरून मोहगावची कलाबाई आली.

“महा चष्मा कधी येते, बापू? दीड महिना झाला.”

“तुमची बेरीज करून राहिलो, माय. पहिले एकवीस, मंग बावीस…”

“महा नंबर कोनता?”

“त्रेचाळीस.”

“मंग महंच कर ना पहिले! म्हातारीले रांगेत उभी ठेवतेस काय?”

गुणवंता विरघळला. रांग मोडून त्याने त्रेचाळीस काढला, त्यात सावरगावचा दीड मिळवायला घेतला, आणि बोलण्याच्या नादात सावरगावची फ्लॉपी बाहेर घेऊन मोहगावची घातली आणि तिचं नाव हिरव्या अक्षरांत दाखवलं. तिला दिसणार काय, कपाळ! मग त्याने वाचून दाखवलं, आणि लाइट गेली.

तासाभराने लाइट आली, तोवर सासू-सुना गेल्या होत्या. मोहगावची फ्लॉपी मात्र कायमची गेली. गुणवंता घाबरला नाही. बेरजेच्या फ्लॉपीवरून त्याने वजाबाक्या केल्या आणि एकशे एकोणीस माणसं सुखरूप परत आणली. त्रेचाळीसपुढे तेहतीस होते. पांढुर्ण्याचे अकरा गेले, सौंसरचे साडेदहा गेले, साडेअकरा उरले. पण रांग मोडताना सावरगावचा दीड मिळवला गेला असेल, तर कलाबाईचा नंबर दहा. नसेल, तर साडेअकरा.

“मधला काढ,” रघुनाथराव म्हणाले. “पावणेअकरा. म्हातारीले काय समजते?”

“तिलेच समजते, भाऊसाहेब. दुसऱ्या कोनाले नाही.”

“मंग बोलाव तिले परत.”

“चूक मही आन् चक्कर तिनं मारावं काय? मीच जातो.”

शिबिराची भिंगांची पेटी आणि ती बसवायची लोखंडी चौकट पिशवीत घालून गुणवंता दुसऱ्या सकाळी बसने सौंसरला उतरला, आणि तिथून मोहगावला.

कलाबाई ओसरीवर बसली होती. त्याने चौकटीत साडेअकराचं भिंग घालून तिच्या नाकावर ठेवलं.

“वा वा! मस्त दिसते, बापू.”

मग दहाचं घातलं.

“हेही मस्तच!”

त्याने परत साडेअकराचं घालून दोन बोटं धरली. तिने बेधडक चार सांगितली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की म्हातारी त्याची इतक्या दूरची खेप वाया जाऊ नये म्हणून बोलत होती. त्याला हसू आलं.

“माय, खरं सांगतो. तुमचा नंबर मी हरवला. चूक मही आहे. तुम्ही महं मन राखसाल, तर जलमभर चुकीच्या काचेतून पाह्यसाल.”

कलाबाईने चौकट नाकावरून काढून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, “पहिलं लाव परत.”

त्याने साडेअकरा लावलं.

“धूरच आहे, बापू. पहिलेही धूरच होता.”

त्याने दहा लावलं. तिने मान वळवली. दारात सून मीना पिठाच्या हातांनी उभी होती. लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली होती, आणि कलाबाईच्या डोळ्यांवर पडदा त्याच्या आधीच आलेला. म्हातारी पाहत राहिली.

“इकडं ये वं.”

मीना जवळ आली. कलाबाईने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला.

“हनुवटीवर तीळ आहे तुह्या.”

“लहानपणापासूनच आहे, आत्याबाई.”

“कोनी सांगतलं नाही मले,” कलाबाई म्हणाली. “दोन वर्षं झाले.”

गुणवंताने कागदावर दहा लिहिले. चष्मा यायला अजून पंधरा दिवस होते, आणि चौकट आजच परत न्यायची होती. कलाबाई आता सुनेचा हात हातात घेऊन एकेक बांगडी पाहत होती. चारची बस रस्त्यावर दोनदा भोंगा वाजवून गेली. गुणवंताने बसचं नावही काढलं नाही.