बंड्या जेवेना

चिमाजी पगारे ओझरच्या विमान कारखान्यात फाटकावर चौकीदार होता. निवृत्त होऊन त्याला वर्षदीड वर्ष झालं असेल तेव्हाची, म्हणजे ऐंशी-एक्क्याऐंशी सालची ही गोष्ट. बायको सरुबाई आधीच गेलेली. मुलगा कल्याणला नोकरीला. त्याच्या दोन खोल्यांत बापाला जागा नव्हती, आणि ती नाही हे बाप-लेकांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. चिमाजी नाशकातल्या वस्तीवर आपल्या एका खोलीत राहायचा. सकाळी दोन भाकरी थापायचा, एक तेव्हा खायचा, एक संध्याकाळी.

कारखान्यातले देवस्थळी साहेब त्याला चांगलं ओळखायचे. गंगापूर रोडला त्यांचा बैठा बंगला होता. लेक इंदूरला बाळंतपणाला टेकलेली, डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली, म्हणून साहेब आणि बाई दोघंही तिकडे निघाले. नुसतं घर असतं तर कुलूप लावून गेले असते. पण घरात बंड्या होता.

बंड्या म्हणजे तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं गावठी कुत्रं. पावसाळी गटारातून साहेबांनी उचलून आणलेलं. पोटी मुलगा नव्हता, त्यामुळं त्याचं नाव असं माणसासारखं.

"गेल्या खेपेला पुण्याला भावाकडं ठेवला होता," साहेब म्हणाले. "पोटात अन्न घेईना. अर्धा होऊन परत आला, दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली. आता त्याचं वय झालंय चिमाजी, पुन्हा तसं झालं तर वाचायचा नाही. तुमच्या भरवशावर सोडून चाललोय."

"तो एकटा जेवत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याबरोबर जेवतो. तेवढं बघा. आणि घर तुमचंच समजा. गॅस आहे, कणीक आहे, डाळ-तांदूळ डब्यात आहेत. हात आखडू नका."

"काळजी करू नका बाई," चिमाजी म्हणाला.

टांगा वळणाआड गेला. बंड्या फाटकाच्या गजांतून बराच वेळ बघत राहिला, आणि मग मागच्या बाजूला जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला.

चिमाजीनं आपलं बोचकं मागच्या पडवीत सोडलं. घरून आणलेला वातीचा स्टोव्ह कोपऱ्यात मांडला, शेजारी बाजरीच्या पिठाची पिशवी. पाण्याला अंगणातला नळ होता. झोपायला पडवी, बसायला पडवी. पहाऱ्याची त्याची रीतच तशी. पंधरा वर्षं तो फाटकावर होता, राखायची वस्तू पाठीमागं आणि तोंड रस्त्याकडं. बंड्याची जर्मनची थाळी स्वयंपाकघरात दाराशीच होती. ती त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून, हात लांब करून ओढून घेतली.

दुधात भाकरी कुस्करून त्यानं थाळी पडवीत ठेवली, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणं स्वतःही शेजारी जेवायला बसला. बंड्या आला. थाळी हुंगली. चिमाजीकडं पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, आणि परत तिथंच जाऊन पडला.

"मालकाची याद येतीय," चिमाजी त्याला म्हणाला. "येऊ दे. माणसाला येती, तुला का येऊ नये."

पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. भाकरी आवडत नसेल म्हणून त्यानं पाव आणला. नुसतं दूध दिलं. गूळ घातला. शाकाहारी घरात हाड आणायची त्याची छाती होईना. बंड्या तेवढं पाणी प्यायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तसा चिमाजीच्या घशाखालीही घास उतरेना. भरवशावर सोडून चाललोय, हे साहेबांचं बोलणं त्याच्या कानात बसलं होतं.

शेवटी गळ्यात दोरी अडकवून त्यानं कुत्र्याला गावातल्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. अर्ध्या वाटेवर उचलूनच घ्यावं लागलं. दवाखान्यासमोर म्हशी, शेळ्या, एक लंगडणारा बैल. जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आपल्या बैलाला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "काय झालं ह्याला?"

"जेवत नाय."

"कुणाचं हाय?"

"देवस्थळी साहेबांचं."

"मंग बरोबर हाय. बामणाचं कुत्रं, नवरात्र धरलं आसंल. दसऱ्याला सोडील."

बाकीचे हसले. चिमाजीही हसला, कारण चार दिवसांत त्याच्याशी कुणी एवढं बोललं नव्हतं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं डोळे पाहिले, पोट दाबलं, दात पाहिले. "ह्याला आजार काही नाही. मन लागत नाहीये. हे औषध दुधातून द्या. पण आजोबा, औषधानं भूक लागेल, जेवायचं ते त्यालाच जेवावं लागेल. आणखी चार दिवस असं गेलं तर मला काही करता यायचं नाही."

चिमाजी परतला तेव्हा कुंपणापलीकडं शकुबाई झेंडूच्या वाफ्यात खुरपत होती. माळ्याची बाई, पन्नाशीची. बंगल्याला लागून त्यांचा मळा. एरवी रोज सकाळी देवाची फुलं ती बाईंना स्वयंपाकघराच्या दारात नेऊन द्यायची.

"आवं भाऊ, हे काय, खांद्यावर घेऊन आलात?" ती म्हणाली. "आन् किती वाळलंय ते."

चिमाजीनं सगळं सांगितलं. ती खुरपं टाकून कुंपणाशी आली.

"तुमी त्याला जेवायला घालता कुठं?"

"पडवीत. मीबी तिथंच बसतो, त्याच्याबरूबर."

"पडवीत कसं जेवल? ते तर पंगतीला बसतं. म्या रोज बघते ना. साहेब आत पाटावर बसत्यात, बाई वाढत्यात, आन् हे भिताडाशी आपल्या थाळीम्होरं. साहेबांनी पयला घास घेतला का मंग हे तोंड लावतं. त्याच्या आदी नाय. माणसाला नसंल येवढं वळण हाय त्याला."

चिमाजी उभाच राहिला. कुत्रं चार दिवस त्या दारात का पडून होतं, हे आता त्याला कळलं. पण कळलं म्हणून मोकळं वाटलं नाही.

"शकुबाई," तो म्हणाला, "तुमी येता का जरा? तुमी बसा आत. ते तुम्हाला वळखतं."

ती आली. पदरानं हात पुसत सरळ आत शिरली, जशी रोज शिरत असावी. गॅस पेटवून तिनं दूध कोमट केलं, स्वतःला चहा टाकला, पाट ओढून बसली. आपल्या फडक्यातली पोळी काढून एक तुकडा तोंडात टाकला. बंड्या उठला, आत गेला, भिंतीशी बसला आणि थाळीत तोंड घातलं. निम्मी थाळी त्यानं संपवली. चिमाजी उंबऱ्याबाहेर उभा राहून बघत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या की आत. चहा हाय," शकुबाई म्हणाली.

"हितंच बरं हाय."

तिनं वर पाहिलं. मग उंबऱ्याकडं, मग पडवीतल्या स्टोव्हकडं. तिला समजलं. तिच्या सासऱ्याच्या मळ्यात चिमाजीच्या वस्तीवरची माणसं खुरपायला यायची, त्यांना पाणी कसं वाढलं जायचं हे तिनं नवी नवरी असताना पाहिलं होतं, वाढलंही होतं. तिनं कप खाली ठेवला.

"बाईंनी नगं म्हटलंय का तुम्हाला आत?"

"नाय. त्या तर म्हटल्या, घर तुमचंच समजा."

"मंग?"

चिमाजीनं वाकून स्टोव्हची वात सारखी केली.

ती दुसऱ्या दिवशी दोन वेळा आली. तिसऱ्या दिवशी कप विसळून पालथा घालताना म्हणाली, "उद्यापासनं माझ्यानं व्हायचं नाय भाऊ. दसरा तोंडावर आला, झेंडूची तोडणी हाय. समदं घर बाजारात." आणि जाता जाता, जरा हसून, जरा चिडून, "तुमी घर राखायला घेतलंय का नुसतं आंगन?"

हा टोमणा चिमाजीला लागला. कारण खरा होता.

तो दहा वर्षांचा असताना बापाचं बोट धरून काळारामाच्या सत्याग्रहाला गेला होता. दगड आले होते, बापाच्या कपाळाला खोक पडली होती, तरी माणसं हलली नव्हती. छप्पन्न सालानंतर त्यानं स्वतःच्या हातानं घरातले देव गोदावरीत सोडले होते. मुलाला वाढवताना एकच गोष्ट शिकवली होती, कुणाच्या दारात वाकून उभं राहायचं नाही. मुलगा शिकलाही. आणि आता इथं अडवायला कुणी नव्हतं. उलट चावी त्याच्याच कमरेला होती, तरी त्या उंबऱ्यावरून त्याचा पाय पुढं पडत नव्हता. बाईंनी म्हटलं ते तोंडदेखलं असलं तर? मागून घर धुऊन काढलं तर? देवळाच्या दारात उभं राहायला त्याच्यामागं हजारो माणसं होती. ह्या दारात तो एकटाच होता.

सकाळी त्यानं एक युक्ती केली. हात लांब करून थाळी आत भिंतीशी सरकवली आणि आपण बाहेर उंबऱ्याला लागून जेवायला बसला. बंड्या आत गेला, थाळीसमोर बसला. रिकाम्या पाटाकडं पाहिलं. चिमाजीनं बाहेरून घास घेतला, तोंडानं आवाज करून दाखवला. बंड्या वाट बघत राहिला. बराच वेळ बसला, मग त्याचे पुढचे पाय घसरायला लागले आणि तो तिथंच कलंडला. दूध तसंच. दुपारपर्यंत त्याच्यावर साय धरली.

दुपारी चिमाजी नळावर गेला. पाय धुतले. पुन्हा धुतले. धोतराला हात पुसले, भाकरीचं फडकं घेतलं आणि दारात आला. आत थंड अंधार होता, कोपऱ्यात देव्हारा, फळीवर घासलेले डबे. त्याला वाटलं, आता कुणीतरी मागून हाक मारील. त्यानं वळून पाहिलं. अंगणात फक्त वाळत घातलेलं त्याचं स्वतःचं धोतर होतं.

तो आत गेला.

पाटावर बसायचं काही त्याच्यानं झालं नाही. पाटाशेजारी फरशीवर तो बसला, देव्हाऱ्याकडं जरा पाठ करून. फडकं सोडलं. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. बंड्यानं मान उचलली. सरपटत उठून तो भिंतीशी आपल्या जागेवर बसला आणि चिमाजीच्या हाताकडं बघायला लागला.

चिमाजीनं घास मोडला. तोंडात घातला. तो घास तोंडातच फिरत राहिला, लाकडाच्या भुशासारखा. कुत्रं बघत होतं. त्यानं डोळे मिटले आणि गिळला.

लपलप आवाज आला. चिमाजीनं डोळे उघडले नाहीत. आवाज थांबेपर्यंत तो तसाच बसला, आणि थांबल्यावर म्हणाला, "अजून पायजे? थांब."

मग उरलेले दिवस दोघं तिथंच जेवले. चिमाजी बोलायचा, बंड्या ऐकायचा. सरुबाईच्या हाताला चव कशी होती, कारखान्यावर पहिलं विमान उडालं तेव्हा फाटकावरची माणसं टोप्या धरून कशी बघत होती, असं काहीबाही. बऱ्याच वर्षांत तो जेवताना बोलला नव्हता. एकदा त्याच्या मनात आलं, शकुबाईला सांगावं, घर राखतोय म्हणून. तो कुंपणाशी गेला. मळ्यात कुणी नव्हतं, सगळी बाजारात. दसरा झाल्यावर ती बाजारातूनच माहेरी गेली.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी साहेब आणि बाई परतले. नात झाली होती. बंड्या साहेबांच्या अंगावर चढला, बाईंच्या पायांत घुटमळला, सगळं अंगण त्यानं डोक्यावर घेतलं.

"चांगला गुटगुटीत ठेवलात की," साहेब म्हणाले. "त्रास नाही ना दिला?"

"आधी जेवत नव्हता साहेब." चिमाजीनं बाईंकडं पाहिलं. वाक्य त्यानं बरेच दिवस जुळवून ठेवलं होतं. "मग मी आत बसून जेवायला लागलो. सैपाकघरात. तसा जेवला."

बाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या. "बरं केलंत," त्या म्हणाल्या, "अहो, बाळाचा फोटो कुठं ठेवलात तुम्ही?"

चिमाजी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. तिथं काहीच नव्हतं, रागही नाही, कौतुकही नाही. ज्या उंबऱ्यापाशी त्याचे दिवसच्या दिवस गेले, तो त्यांना दिसलाच नव्हता. तो उंबरा नसेलच कदाचित त्यांच्यापुरता. किंवा ऐकूच आलं नसेल. पुन्हा सांगावं असं त्याला वाटलं नाही.

फोटो सापडला, दाखवून झाला. बाई आत जाता जाता म्हणाल्या, "चिमाजी, जेवून जा हं. पिठलं-भात टाकते, काही वेळ लागायचा नाही."

गॅस पेटल्याचा आवाज आला. बंड्या आत जाऊन बसला असावा. चिमाजी पडवीत उभा होता. आता ताटं मांडली जातील. त्याचं ताट आत मांडतील, की इथं पडवीत आणून देतील? बाईंच्या मनात दोन्ही नसेल, हाताला सवय असेल तिथं हात ताट ठेवील. आत ठेवलं तर तो जन्मभर सांगेल. पण बाहेर ठेवलं तर जेवलेले सगळे दिवस त्याच्या पोटात उलटतील.

त्यानं पिठाची पिशवी बांधली. स्टोव्हमधलं रॉकेल बाटलीत ओतून घेतलं. दारात येऊन, बाहेरूनच, कमरेची चावी काढून दाराशेजारच्या फळीवर ठेवली.

"बाई, येतो मी. वस्तीवर काम हाय."

"अहो, दहा मिनिटं थांबा की."

"नको. उशीर होतोय."

उशीर कसलाच होत नव्हता. बाईंनी चार वेळा थांबा म्हटलं, साहेबांनी बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला. बंड्या स्वयंपाकघरातून आला नाही, पिठल्याचा वास सुटला होता.

फाटक ओढून घेऊन चिमाजी रस्त्याला लागला. बोचकं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तो अशोकस्तंभापर्यंत चालत आला. टांगेवाल्यानं विचारलं, कुठं जायचं बाबा, आणि वस्तीवरच जायचं होतं, तरी त्याला एकदम सांगता येईना.