बसलेल्या काकांसमोर

सेरेआनाने पहाटे कसावाचे कंद उकडले, गवती चहा घेतला आणि सुवा शहराची बस पकडली. आज विद्यापीठातल्या व्यावसायिक इंग्रजी आणि संवादकौशल्याच्या वर्गाचा पहिला दिवस होता. केवड्याच्या पानांच्या चटया हॉटेलवाल्यांना विकायच्या, तर त्यांच्याशी तिलाच बोलावे लागणार होते.

पण वर्गात पुढच्याच बाकावर थोरले काका आपेनिसा बसलेले! बसलेल्या वडीलधाऱ्यापुढे उभे राहून बोलणे म्हणजे तिच्या गावात शुद्ध उद्धटपणा.

"उभं राहून, समोर बघून ओळख करून द्या," बाई म्हणाल्या.

सेरेआना जागची हलेना.

"काय गं, चटया विकायच्यात की त्यांवर झोपायचंय?" शेजारची लितिया कुजबुजली.

सेरेआनाने मनाशी ठरवले. ती काकांपुढे गुडघ्यांवर बसली आणि रीतीप्रमाणे तळहात पोकळ करून हलक्या टाळ्या वाजवून म्हणाली, "काका, उभी राहू?"

"राहा की, पोरी! इथं मीही विद्यार्थीच. फक्त मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं."

वर्गात हशा पिकला. सेरेआना उठली, ताठ उभी राहिली आणि काकांच्या नजरेला नजर देऊन तिने आपली ओळख इंग्रजीतून, खणखणीत आवाजात, शेवटपर्यंत करून दिली.