दुपारचा फेरा

डॉक्टरांनी सगुणला रोज चालायला सांगितलं होतं आणि सगुण चालत होता. या गोष्टीचा त्याच्या बायकोला, चंद्रावतीला, कोण अभिमान! हृदयाचा झटका येऊन तो इस्पितळातून घरी आला त्याला चार महिने झाले होते. इतरांचे नवरे पथ्याच्या नावानं नाकं मुरडतात, आपला मात्र जेवण झालं की चपला घालून निघतो, हे तिचं डिचोलीच्या बाजारात मासळीवालीलासुद्धा सांगून झालं होतं.

घरात मात्र तो असून नसल्यासारखा. जेवे, गोळ्या घेई, पण बोट सतत मनगटाच्या नाडीवर. बोलता बोलता थांबून आपल्याच छातीचा कानोसा घेत बसे. नवऱ्याचे कपडे घालून कुणी परकाच घरी आलाय की काय, असं तिच्या मनात येई.

मग एक दिवस तिचं लक्ष चपलांकडे गेलं. तळव्यांना तांबडा, ओला चिखल. फेब्रुवारीचे दिवस, रस्ता डांबरी आणि कोरडा ठणठणीत. असा चिखल एकाच जागी होता, बंद पडलेल्या खाणीच्या काठाला. पाण्यानं भरलेला तो खड्डा वीस वर्षं मशीन चालवून सगुणनंच खणलेला. भर दुपारी तिथं देवचार, त्या जागेचं भूत, नाव घेऊन हाक मारतो, असं वस्तीत सगळे म्हणत. चंद्रावतीनं चपला धुतल्या, देवचाराला नारळ ठेवला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चुकलीच ती. ती रोज धुवायची, रोज नवा चिखल यायचा.

आठव्या दिवशी ती त्याच्या मागोमाग गेली. काठावर चपला नीट जोडून ठेवलेल्या, शेजारी सगुण बसलेला. धावत जाऊन तिनं त्याचा सदरा मुठीत धरला.

"देवचार हाक मारता?"

"देवचार नाय गो. माझाच मन हाक मारता."

"जीव देवचो, असा येता मनात?"

"येता. दर दिसा. ह्या काळीज कधी थांबतला, ह्याची वाट बघून कंटाळलंय मी." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तो रडला.

ती रागावली नाही. त्याला घरी आणलं, रात्रभर उशाशी बसली आणि उजाडल्यावर पहिल्या बसनं त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहिला. "छान! चालणं सुरू आहे ना?"

नेहमीचं 'होय' तिच्या ओठांवर आलंच होतं. ते तिनं गिळलं. पिशवीतून न धुतलेल्या चपला काढून तिनं सरळ टेबलावर ठेवल्या.

"चालतत काय नाय, ता इचारू नकात, डॉक्टर. खंय जातत, ता इचारा."

डॉक्टरांनी आलेख बाजूला सारला आणि खुर्ची सगुणकडे वळवली. सगुणनं मनगटावरचं बोट काढलं आणि तो बोलू लागला.