घड्याळजीची घरी राहिलेली फाइल

मी एक जुना स्लिट लॅम्प आहे. नाव अवघड वाटलं ना, मित्रांनो? डोळ्यांच्या दवाखान्यात हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून ज्याच्यासमोर बसवतात, तोच मी. बारीक फटीतून उजेड सोडायचा आणि डॉक्टरांना डोळ्याच्या आतलं दाखवायचं, हे माझं काम.

माझी भिंगं घासणारा कारागीर भारी चिकित्सक होता. एक भिंग त्याने तीनदा पुन्हा घासलं. तेव्हा राग यायचा, आज त्याचे आभार मानतो. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आधी मी आलो, खुर्च्या नंतर आल्या. वीस वर्षं माझी चलती होती. मग कॅमेऱ्याचं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली, अंगावर एक टॉवेल टाकून. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी नवं यंत्र रुसलं आणि माझ्यावरचा टॉवेल निघाला. समोर बसला एक घड्याळजी. दोन्ही डोळे लालभडक, उजेड सोसत नव्हता. बायकोने हाताला धरून आणलं होतं.

"आठ दिवस झाले, घड्याळातला स्क्रू दिसत नाही," तो म्हणाला. "डोळे गेले तर मी करू काय?"

मी उजेड सोडला. बुबुळापुढच्या नितळ पाण्यात बारीक कण तरंगत होते, उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते तसे. दोन्ही डोळ्यांत.

"आतून सूज आहे. मध्यंतरी काही आजारपण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे, काही नाही."

"अहो, काही नाही काय?" बायको उसळली. "महिन्यापूर्वी ताप आला, सात किलो वजन उतरलं, किडनीचे डॉक्टर सूज आहे म्हणाले. ताप गेला तसे हे परत तिकडे फिरकलेच नाहीत!"

"त्याची फाइल घरी आहे, पण ती किडनीची. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कशाला आणायची?"

दुकानात तो प्रत्येक घड्याळाचे भाग वेगळ्या डबीत ठेवायचा. सरमिसळ झाली की पंचाईत. स्वतःच्या शरीराचंही त्याने तेच केलं होतं.

"अहो, हे एकाच घड्याळाचे भाग आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता घरी जा आणि फाइल घेऊन या."

फाइल आली, किडनीच्या डॉक्टरांना फोन गेला. रक्त, लघवी, मग सुईने काढलेला किडनीचा तुकडाही तपासला. शरीराची राखण करणारी फौजच किडनीवर आणि डोळ्यांवर उलटली होती. मोठ्या माणसांत हा आजार फारच क्वचित दिसतो. आणखी चालढकल झाली असती, तर दोन्हींचं कायमचं नुकसान होण्याची भीती होती.

थेंब आणि गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत किडनी ताळ्यावर आली. डोळे पुन्हा एकदा सुजले, पण तो वेळेवर आला म्हणून निभावलं. आता तपासणीला येतो तेव्हा "मला त्या जुन्यावरच बसवा" म्हणून हटून बसतो. मला किती बरं वाटतं म्हणून सांगू!

मागच्या खेपेला त्याने मला पुढेमागे सरकवायची मूठ हलवून पाहिली, खिशातून हत्यार काढलं आणि तांदळाच्या कणीएवढा ढिला स्क्रू घट्ट केला. दाखवावा लागला नाही, त्याला तो दिसला.

म्हणून मित्रांनो, डोळे दाखवायला जाताना बाकीचं शरीर घरी ठेवून जाऊ नका. येऊन गेलेला ताप, घेतलेली गोळी, जुनी फाइल, सगळं सांगा. आणि घरातल्या मोठ्यांकडे जरा जास्त लक्ष ठेवा. लपवण्यात तेच पुढे असतात.